एशियन कपमधला भारत: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार इथल्या फुटबॉलवेड्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. आयपीएल सुरू असताना जरा शांतता असते, मग भारत कुठेतरी हरतो आणि फोन पुन्हा वाजायला लागतो. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. एशियन कप आणि एशियाड एकच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एशियन कप ही फक्त फुटबॉलची स्पर्धा आहे. ती आशियाई फुटबॉल महासंघ, म्हणजे एएफसी, भरवते. पहिली १९५६ मध्ये हाँगकाँगला झाली आणि साधारण चार वर्षांनी एकदा होते. एशियाड म्हणजे आशियाई क्रीडा स्पर्धा. तिथे कुस्ती, कबड्डी, नेमबाजी सगळंच असतं आणि त्यात फुटबॉलही असतो. भारताने फुटबॉलची दोन सुवर्णपदकं जिंकली ती एशियाडमध्ये: १९५१ ला दिल्लीत इराणला १-० आणि १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून. शिवाय २००२ पासून एशियाडमध्ये पुरुषांचे संघ तेवीस वर्षांखालचे असतात, मोजके मोठे खेळाडू चालतात. एशियन कपमध्ये वयाची अट नाही, देशाचा मुख्य संघच उतरतो. सॅफ ही तिसरीच स्पर्धा, फक्त दक्षिण आशियाची. आणि क्रिकेटचा एशिया कप या सगळ्यापासून लांब आहे.

२. भारत एशियन कप किती वेळा खेळला?

मुख्य स्पर्धेत पाच वेळा: १९६४, १९८४, २०११, २०१९ आणि २०२३. एकूण १६ सामने झाले. ३ जिंकले, १ बरोबरीत सुटला, १२ हरले. १२ गोल केले, ३३ खाल्ले. तीन विजयांपैकी दोन एकट्या १९६४ चे आहेत.

हे आकडे वाचताना स्पर्धेत संघ किती होते ते शेजारी लिहून ठेवा: १९६४ ला चार, १९८४ ला दहा, २०११ ला सोळा, २०१९ पासून चोवीस. पोचणं कधी किती अवघड होतं ते त्यावरून कळतं. पुढच्या बऱ्याच उत्तरांची किल्ली इथेच आहे.

३. कप कधी जिंकला का आपण?

नाही. सगळ्यात वरचा क्रमांक दुसरा, तोही १९६४ ला. कसा, ते पुढच्या प्रश्नात.

४. १९६४ च्या फायनलला आपण इस्राएलकडून हरलो ना?

इस्राएलकडून हरलो हे खरं, पण फायनल नव्हतीच. स्पर्धा इस्राएलमध्ये होती. यजमान इस्राएल, भारत, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग असे चारच संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, विजयाला दोन गुण, ज्याचे जास्त तो विजेता.

२७ मे रोजी भारताने दक्षिण कोरियाला २-० हरवलं. अप्पलराजूने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, दुसरा इंदर सिंगचा. त्याच दिवशी दुपारी दिल्लीत पंडित नेहरूंचं निधन झालं होतं. दुसऱ्या दिवशी इथल्या पेपरात फुटबॉलच्या विजयाला किती जागा मिळाली असेल याचा अंदाज कोणीही करू शकतो. २९ मेला इस्राएलने भारताला २-० हरवलं. मग २ जूनला भारताने हाँगकाँगला ३-१ असं नमवलं. इंदर सिंग, सुकुमार समाजपती आणि कॅप्टन चुनी गोस्वामी यांचे गोल. समाजपती पुढे शास्त्रीय गायक म्हणूनही नावाजले.

आता गंमत बघा. आपले सामने संपले तेव्हा भारताचे चार गुण आणि इस्राएलचेही चारच. शेवटचा सामना इस्राएल-दक्षिण कोरिया. तिथे इस्राएल हरला असता तर तीन संघ चार-चार गुणांवर आले असते. इस्राएल २-१ जिंकला आणि सहा गुणांवर कप घेऊन मोकळा झाला. म्हणजे ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवशी आपण खेळतच नव्हतो.

५. १९६४ चं रौप्य म्हणजे वॉकओव्हर होतं असं म्हणतात. खरं?

अर्धं खरं. पात्रता फेरीतल्या प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतली, त्यामुळे एकही सामना न खेळता भारत मुख्य स्पर्धेत पोचला. पण तिथले दोन विजय मैदानावरचे आहेत, आणि दक्षिण कोरिया तेव्हा ऐरागैरा नव्हता. १९५६ आणि १९६० चे दोन्ही कप त्यांनीच जिंकले होते. शिवाय सुवर्णकाळ घडवणारे कोच सय्यद अब्दुल रहीम १९६३ मध्ये वारले होते. हा संघ इंग्लंडचे हॅरी राइट सांभाळत होते. इंदर सिंगने दोन गोल करून इस्राएलच्या स्पीगलरबरोबर सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेतला.

माझं मत विचाराल तर रौप्य खरंच आहे. ते चार संघांतलं होतं एवढं मात्र विसरू नये. छाती फुगवणारे आणि टिंगल करणारे, दोघंही तेच विसरतात.

६. इस्राएल आशियाच्या स्पर्धेत कसा?

तेव्हा तो एएफसीचा सदस्य होता. अनेक देश त्याच्याशी खेळायला नकार देत, त्यातून माघारी आणि वॉकओव्हर व्हायचे. १९७४ मध्ये एएफसीने त्याला बाहेर काढलं. आता इस्राएल युरोपच्या संघटनेत आहे.

७. १९६४ नंतर वीस वर्षं आपण कुठे गायब होतो?

कधी पात्रता फेरीत अडकलो, कधी नावच दिलं नाही. संघ संपला होता असं मात्र नाही. १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये भारताने कांस्य मिळवलं. तेव्हा आपल्याकडे एशियाड आणि मर्डेकासारख्या निमंत्रितांच्या स्पर्धांना जास्त वजन होतं. एशियन कपला नंतर मान आला आणि तो आला तोवर गाडी सुटली होती.

८. १९८४ ला एकही गोल नाही, मग जुने लोक त्या संघाचं एवढं कौतुक का करतात?

कारण ते खेळून तिथे पोचले होते. ऑक्टोबर १९८४ मध्ये कोलकात्यात पात्रता फेरी झाली. भारत दक्षिण कोरियाच्या मागे दुसरा आला आणि दोघंही पुढे गेले. कोच होते युगोस्लाव्हियाचे चिरिच मिलोवान. छोटे पास देत, चेंडू जमिनीवर ठेवून खेळायची त्यांची पद्धत होती, आणि त्या पिढीचे खेळाडू अजून त्यांचं नाव काढतात.

सिंगापूरच्या मुख्य स्पर्धेत मात्र निकाल कोरडे आहेत. सिंगापूरकडून ०-२, संयुक्त अरब अमिरातीकडून ०-२, इराणशी ०-०, चीनकडून ०-३. यातली इराणशी बरोबरी कमी लेखू नका. त्या गटातून चीन आणि इराण पुढे गेले. चीन थेट अंतिम सामन्यापर्यंत, इराण उपांत्य फेरीपर्यंत. एशियन कपमधली भारताची ती एकमेव बरोबरी आहे.

९. २०११ ला मागच्या दाराने एंट्री मिळाली का?

दार वेगळं होतं, पण ते उघडायला जिंकावं लागलं. फुटबॉलमध्ये मागे असलेल्या देशांसाठी एएफसीने चॅलेंज कप सुरू केला होता. जो जिंकेल त्याला एशियन कपचं थेट तिकीट. १३ ऑगस्ट २००८ ला दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर भारताने ताजिकिस्तानला ४-१ हरवलं. सुनील छेत्रीचे तीन गोल, बायचुंग भुतियाचा एक. कोच बॉब हॉटन. अशी २४ वर्षांची वाट त्या संध्याकाळी संपली.

१०. मग तिथे तेरा गोल का खाल्ले?

ऑस्ट्रेलिया ४-०, बहारीन ५-२, दक्षिण कोरिया ४-१. गट पाहिला तर उत्तर समोरच आहे. चॅलेंज कप जिंकणं आणि ऑस्ट्रेलियाच्या हॅरी क्युएल, टिम केहिल यांच्यासमोर उभं राहणं यात फार अंतर आहे, आणि मधली पायरी नव्हतीच. बहारीनच्या इस्माईल अब्दुललतीफने एकट्याने चार गोल केले. भारताकडून गौरमांगी सिंगने एक आणि छेत्रीने दोन केले. भुतिया दुखापतीमुळे बाहेर होता आणि फक्त शेवटच्या सामन्यात उतरला.

तेरा गोल खाऊनही त्या स्पर्धेतून नाव कमावून आला तो गोलकीपर सुब्रत पाल. कोरियाविरुद्ध त्याने इतके गोल अडवले की त्याला स्पायडरमॅन म्हणू लागले. त्याच सामन्यात कोरियाच्या एका अठरा वर्षांच्या पोराने देशासाठी आपला पहिला गोल केला. त्याचं नाव सोन ह्युंग-मिन. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

११. भो, २०१९ ला थायलंडला ४-१ ठोकलं, तरी आपण बाहेर कसे?

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो, आणि तो विचारताना लोक अजून चिडतात.

६ जानेवारीला अबुधाबीत थायलंडविरुद्ध छेत्रीचे दोन, अनिरुद्ध थापा आणि जेजेचा एकेक गोल. ५५ वर्षांनी एशियन कपमध्ये विजय. थायलंडने दुसऱ्याच दिवशी आपल्या कोचला घरी पाठवलं. १० तारखेला यजमान अमिरातीकडून ०-२ हार. त्या सामन्यात चेंडू दोनदा क्रॉसबारला लागला, पण धावफलकावर क्रॉसबार धरत नाहीत.

राहिला १४ जानेवारीचा शारजातला बहारीनशी सामना. नुसती बरोबरी पुरत होती. त्या दिवशी भोगी, आणि आपल्याकडे भरिताचा ऐन हंगाम. सामना रात्री साडेनऊला. असोद्याकडच्या एका शेतात आम्ही मोबाइल पाण्याच्या जारला टेकवून बघत होतो. कपाशीच्या काड्यांची धग विझत आली होती, रेंज येत-जात होती. नव्वद मिनिटं ०-० निघाली. भरपाईच्या वेळेत प्रणय हलदरने आपल्या पेनल्टी बॉक्समध्ये फाऊल केला. तोच त्या दिवशीचा कॅप्टन. जमाल राशिदने पेनल्टी मारली आणि १-०. आमचं चित्र अडकलं होतं. शेजारच्या बांधावरून शिव्या ऐकू आल्या तेव्हाच काय ते समजलं.

आता हिशेब. अमिराती ५, थायलंड ४, बहारीन ४, भारत ३. तिसऱ्या क्रमांकाचा बहारीनही पुढे गेला (का, ते प्रश्न १६ मध्ये). बरोबरी झाली असती तर भारताचे ४, थायलंडचे ४, बहारीनचे २. समान गुण असले की आधी आपसातला सामना बघतात, आणि थायलंडला तर आपण चार मारले होते. म्हणजे भारत गटात दुसरा आला असता. शेवटून पहिला आला. कोच स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी त्याच रात्री राजीनामा दिला.

माझ्या मते दोष त्या एका फाऊलचा नाही. संघ तासभर स्वतःच्या गोलपोस्टसमोर मुक्काम ठोकून बसला होता. बरोबरीसाठी खेळायला गेलं की असं होतं.

१२. छेत्रीने मेस्सीला मागे टाकलं ही बातमी खोटी ना?

त्या दिवसापुरती खरी. थायलंडविरुद्धच्या दोन गोलांनी छेत्रीचे देशासाठी ६७ गोल झाले आणि तेव्हा मेस्सीचे ६५ होते. समोरचे संघ कोण होते हे न सांगता नुसता आकडा फिरवला गेला, त्यामुळे लोकांना ती थाप वाटते.

१३. २०२३ चा कप २०२४ मध्ये कसा काय झाला?

यजमान चीन होता. कोविडमुळे त्याने मे २०२२ मध्ये हात वर केले. स्पर्धा कतारला गेली, आणि तिथली उन्हाळ्याची उष्णता टाळायला जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. नाव २०२३ चंच राहिलं. म्हणून यादीत दोन्ही साल दिसली तर गोंधळू नका, स्पर्धा एकच.

१४. त्या स्पर्धेत काय झालं? कोणी धड सांगतच नाही.

सांगण्यासारखं कमी आहे. ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. तीन सामने, शून्य गोल. ऑस्ट्रेलियाला मध्यंतरापर्यंत ०-० रोखलं होतं, तेवढाच दिलासा. त्या सामन्याची नोंद वेगळ्या कारणाने राहील. जपानच्या योशिमी यामाशिता रेफ्री होत्या, पुरुषांच्या एशियन कपमधल्या पहिल्या महिला रेफ्री.

तिथे पोचण्याचा प्रवास मात्र झकास होता. जून २०२२ मध्ये कोलकात्यात कंबोडिया, अफगाणिस्तान आणि हाँगकाँग तिघांनाही हरवलं. अफगाणिस्तानविरुद्ध शेवटच्या पाच-सहा मिनिटांत तीन गोल झाले: छेत्री, मग त्यांची बरोबरी, मग सहल अब्दुल समद. लागोपाठ दोन एशियन कप गाठण्याची भारताची ती पहिलीच वेळ.

१५. २०२७ ला आपण आहोत का?

नाही. सौदी अरेबियात होणाऱ्या स्पर्धेसाठी भारताच्या गटात बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर होते. कागदावर सोपा गट. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-०. त्यासाठी छेत्रीला निवृत्तीतून परत आणलं होतं. जूनमध्ये हाँगकाँगकडून शेवटच्या क्षणी पेनल्टीवर ०-१. ऑक्टोबरमध्ये सिंगापुरात दहा जणांनिशी खेळून १-१, रहीम अलीचा अगदी शेवटी गोल. मग १४ ऑक्टोबरला मडगावात छांगटेने आघाडी दिली, तरी सिंगापूर २-१ जिंकला आणि भारताची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१. बांगलादेशने आपल्याला २२ वर्षांनी हरवलं. कोच मानोलो मार्केझ मध्येच गेले, ऑगस्टपासून खालिद जमील आले.

२०११ च्या तेरा गोलांपेक्षा मला हे जास्त लागतं. तेव्हा सोळांत जागा होती, आता चोवीस आहेत.

१६. गटात तिसरा आलेला संघ पुढे कसा जातो?

चोवीस संघांचे सहा गट. प्रत्येक गटातले पहिले दोन, म्हणजे बारा. बाद फेरीला सोळा लागतात, म्हणून सहा तिसऱ्यांपैकी चार बरे ते घेतात. दहावीच्या बेस्ट ऑफ फाइव्हसारखंच, थोडं कच्चं असलं तरी चालून जातं. चार गुण असले की बहुतेक काम होतं. २०२४ मध्ये सीरिया असाच पुढे गेला. ही सवलत फक्त मुख्य स्पर्धेत असते. २०२७ च्या पात्रतेच्या शेवटच्या फेरीत गटात पहिला येणारा एकच संघ जाणार होता.

१७. छेत्रीचे एशियन कपमध्ये नक्की किती गोल? कुठे चार, कुठे बरेच जास्त लिहिलेले असतात.

मुख्य स्पर्धेत चार: २०११ ला दोन, २०१९ ला दोन. जास्तीचा आकडा दिसला तर त्यात पात्रता फेरीचे गोल धरलेले असतात. ताजिकिस्तानविरुद्धची हॅटट्रिक (प्रश्न ९) चॅलेंज कपच्या खात्यात जाते, एशियन कपच्या नाही. भारताच्या एकूण १२ गोलांपैकी चार त्याचे, त्याखालोखाल इंदर सिंगचे दोन.

१८. मुलींच्या संघाचा इतिहास यात धरला आहे का?

नाही, त्यांची स्पर्धा वेगळी, आणि खरं सांगायचं तर रेकॉर्डही बरा. १९८० ला कालिकतमध्ये आणि १९८३ ला बँकॉकमध्ये भारताच्या मुली उपविजेत्या होत्या. २०२२ ची स्पर्धा तर आपल्याच राज्यात होती, नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात. इराणशी ०-० झाल्यावर संघात कोविड शिरला. पुढच्या सामन्याला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि यजमानांनाच बाहेर पडावं लागलं. पण जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून त्यांनी २०२६ च्या स्पर्धेत जागा मिळवली. पुरुष संघ गडगडत होता त्याच वर्षी.

१९. दीडशे कोटींच्या देशात अकरा पोरं सापडत नाहीत का?

लोकसंख्या मैदानात उतरत नाही. १९६४ च्या संघातली मंडळी कोलकाता, हैदराबाद, पंजाब अशा मोजक्या पट्ट्यांतून आली होती. कारण तिथे क्लब होते, लीग होत्या, वर्षभर सामने होते. रेल्वेसारख्या खात्यांच्या नोकऱ्या होत्या. पी. के. बॅनर्जी पूर्व रेल्वेकडून खेळायचे. भुसावळकरांना रेल्वेची नोकरी आणि खेळाचं नातं वेगळं सांगायला नको. आज मुख्य लीग वर्षातून काही महिने चालते आणि लहान गावातल्या पोराला सोळाव्या वर्षापर्यंत वर्षाला जेमतेम मूठभर खरे सामने मिळतात. कोच बदलून हे बदलत नाही. पाचही स्पर्धांत भारताचे कोच परदेशीच होते, निकाल प्रश्न २ मध्ये आहेतच.

२०. महाराष्ट्रातून कोण खेळलं? आणि आमच्या पोराला जायचं असेल तर रस्ता कोणता?

मुंबईचा स्टीव्हन डायस २०११ च्या संघात होता, मुंबईचाच राहुल भेके २०२४ च्या. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला. ती वेगळी स्पर्धा, पण गावातल्या पोरांना दाखवायला चांगलं उदाहरण.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांसाठी पहिली पायरी शालेय स्पर्धा, त्यातही सुब्रतो कप. तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. सामने पावसाळ्यातच उरकतात, दिवाळीनंतर चौकशी करून उपयोग नसतो. संघाचं नाव शाळा देते, पालक नाही. म्हणून शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात क्रीडाशिक्षकांना भेटा. जन्मदाखल्यावरचं आणि शाळेच्या रजिस्टरवरचं नाव सारखं आहे का तेही तेव्हाच बघून घ्या. निम्मी पोरं मैदानावर नाही, कागदपत्रांवर बाद होतात.